नेम आणि नियम

मराठीत 'नेम' हा एकच शब्द तीन कामे करतो. नेम धरणे म्हणजे लक्ष्यावर दृष्टी रोखणे; नेम पाळणे म्हणजे स्वतःला घालून घेतलेला नियम न मोडणे; आणि 'त्याचा काही नेम नाही' असे आपण एखाद्याविषयी म्हणतो, तेव्हा आपल्याला निश्चिती अभिप्रेत असते. दृष्टी, नियम आणि निश्चिती यांनी एका शब्दात बिऱ्हाड केले आहे खरे. पण व्यवहारात ती तिन्ही एका घरात नांदतातच असे नाही. नियम पाळल्याने दृष्टी स्थिर होते काय, आणि स्थिर झाली तर ती नियमाच्या खरेपणामुळे की नुसत्या पाळण्यामुळे, असा एक प्रश्न मला पुष्कळ दिवस छळीत आला आहे. तो अगदी नागव्या स्वरूपात मला कोठे भेटला असेल, तर अमेरिकेतील पूल या खेळाभोवती गेली तीसएक वर्षे चाललेल्या एका वादात.

पूल हा बिलियर्ड्सच्या कुळातला खेळ. नऊ फूट लांब, साडेचार फूट रुंद टेबल, सहा पॉकेटे, आणि क्यूने पांढरा चेंडू मारून त्याच्याकरवी रंगीत चेंडू पॉकेटात घालवायचा. त्याचे भावंड जे स्नूकर, ते तर १८७५ साली आपल्या जबलपुरास जन्मले. छावणीतल्या नेव्हिल चेंबरलेन नावाच्या अधिकाऱ्याने ते रूढ केले. (पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते हे नव्हेत.) पण जबलपूरला जायची गरज नाही. चाळीच्या गॅलरीत दिव्याखाली कॅरम खेळलेल्या माणसाला या खेळाचे मर्म ठाऊक असते. सोंगटी सरळ समोर नसली, तर स्ट्रायकरने तिला कोठे आणि किती शिवायचे, एवढाच तो प्रश्न आहे.

या 'कोठे आणि किती'च्या पद्धती आहेत. त्या शिकवल्या जातात, विकल्या जातात, आणि त्यांच्यावरून सज्जन माणसे एकमेकांशी बोलणे टाकतात. एक पक्ष म्हणतो, पद्धतीवाचून नेम म्हणजे आंधळी कोशिंबीर. दुसरा म्हणतो, नेम हे हाताला लागलेले वळण आहे. पद्धत ही त्या वळणावर मागाहून घातलेली झूल. बाहेरच्या माणसाला हे सारे पोरखेळाचे वाटेल. चेंडू पॉकेटात गेल्याशी कारण! मला मात्र यात एक जुना नैतिक पेच दिसतो: जे शिकवल्याने शिष्याला गुण येतो, पण जे शिकवले जाते तसे ते खरे नाही, ते शिकवावे काय?

आधी गणित पाहू. ते अवघड नाही. चेंडूचा व्यास सव्वादोन इंच. चेंडू चेंडूवर आदळला की मार खाल्लेला चेंडू दोघांचे मध्य जोडणाऱ्या रेषेवरून पुढे जातो. तेव्हा रंगीत चेंडू पॉकेटाकडे जायला हवा असेल, तर पांढऱ्याने त्याला पॉकेटाच्या बरोबर उलट बाजूस शिवले पाहिजे. म्हणजे आघाताच्या क्षणी पांढरा चेंडू जेथे असायला हवा, तेथे एक चेंडू आहे अशी कल्पना करावी आणि त्याच्या मध्यावर नेम धरावा. त्याला तिकडे 'भुताचा चेंडू' म्हणतात. नाव चपखल आहे. तो असतो म्हणतात, पण ज्याला दिसायला हवा त्याला नेमका दिसत नाही. दुसरी पद्धत वाट्यांची. पांढऱ्याने रंगीत चेंडू किती झाकला जाईल ते पाहायचे. पूर्ण झाकला तर तो सरळ जातो. निम्मा झाकला, म्हणजे पांढऱ्याच्या मध्यातून निघालेली रेषा रंगीताच्या कडेवर पडली, तर तो ३० अंशांनी वळतो. पाऊण झाकला तर साडेचौदा अंशांनी, पाव झाकला तर साडेअठ्ठेचाळीसच्या आसपास. शाळेत त्रिकोणमिती शिकलेल्या कोणीही हे आकडे ताडून पाहावेत.

खरा वाद पेटला तो तिसऱ्या घराण्यावरून. १९९० च्या दशकापासून 'मध्य ते कड' या नावाची एक पद्धत अमेरिकेत गाजू लागली. हॅल हूल या शिक्षकाचे नाव तिच्या आरंभाशी जोडले जाते. तिचे पुढे अनेक अवतार झाले. ढोबळ मानाने सांगायचे तर पांढऱ्याच्या मध्यातून रंगीताच्या कडेकडे एक दृष्टिरेषा न्यायची. पांढऱ्याच्या कडेवरून रंगीतावरच्या ठरावीक दोन-तीन खुणांपैकी एकीकडे दुसरी न्यायची. दोन्ही रेषा एका वेळी दिसतील असे उभे राहायचे. मग क्यू किंचित बाजूला ठेवून मध्याकडे वळवायची. कोन मोजायचा नाही, भूत पाहायचे नाही. थोड्याशा ठरावीक मांडण्यांतून टेबलावरचा जवळजवळ प्रत्येक फटका निघतो, असा दावा.

येथे शंकेखोर माणूस पेन्सिल काढतो. पॉकेटाचे तोंड साडेचार इंचांच्या घरात, चेंडू सव्वादोन इंचांचा. म्हणजे चेंडूच्या मध्याला दोन्ही बाजूंस सव्वा इंचाहूनही थोडी कमीच सूट मिळते. चेंडू पॉकेटापासून ५० इंचांवर असेल, तर ही सूट एका बाजूस सुमारे १.३ अंश, दोन्ही मिळून अडीच अंशांच्या जरा वर. शून्यापासून ६० अंशांपर्यंतचे फटके एकाच बाजूला घ्यायचे म्हटले, तरी त्यांसाठी तेवीसएक वेगळ्या दिशा लागतात. पाच-सहा मांडण्यांतून तेवीस दिशा कशा निघाव्यात? कोठे तरी, कोणी तरी, मधल्या जागा भरून काढीत असला पाहिजे. कोलोराडोतील यंत्रशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड अल्सियाटोरी यांनी या खेळाच्या भौतिकीवर २००४ साली पुस्तक लिहिले, आणि या पद्धतींविषयीची त्यांची हरकतही मुळात हीच आहे: पद्धतीने न सांगितलेली दुरुस्ती खेळाडू नकळत करतो, आणि श्रेय पद्धतीला देतो.

पण ही पेन्सिल थोडी पुढे चालवली, तर ती शंकेखोराच्याही अंगावर उलटते. मघाशी मी दिलेले गणित तरी कोठे पूर्ण खरे आहे? चेंडू गुळगुळीत दिसला तरी घर्षण त्याला सुटलेले नाही. शिवता शिवता पांढरा चेंडू रंगीताला आपल्या वाटेवर जरासा ओढतो. हळू मारलेल्या, निम्म्या झाकलेल्या चेंडूत ही ओढ तीन-चार अंशांपर्यंत सहज जाते, आणि सूट तर सव्वा अंशाची! म्हणजे जो मनुष्य भुताच्या चेंडूवर भूमितीप्रमाणे काटेकोर नेम धरील, त्याचा चेंडू असा फटका पुष्कळदा चुकेल. तरीही भुतावर विश्वास ठेवणारे लोक चेंडू घालवतात. त्यांचाही हात गुपचूप दुरुस्ती करतो. गास्पार कोरिओलिस या फ्रेंच गणितज्ञाने १८३५ साली बिलियर्ड्सच्या चेंडूंचे सगळे गणित मांडून पुस्तक काढले. वाऱ्यांच्या वळणाला ज्याचे नाव मिळाले तोच हा. त्यातली समीकरणे डोक्यात सोडवून कोणी फटका मारल्याचे ऐकिवात नाही. फरक एवढाच की, भूत मानणारा आपली दुरुस्ती निदान नाकारीत नाही.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना येथे एक उदाहरण आठवेल. मिल्टन फ्रीडमन आणि लिओनार्ड सॅव्हेज यांनी १९४८ साली, आणि पुढे फ्रीडमन यांनी १९५३ च्या निबंधात, बिलियर्ड्सच्या निष्णात खेळाडूचा दाखला दिला. खेळाडूला समीकरणे येत नाहीत. पण ती त्याला येतात असे धरून चालले, तर त्याच्या फटक्यांविषयी आपले भाकीत उत्तम वठते. म्हणून सिद्धान्ताची गृहीते खरी आहेत की नाहीत यावर डोके फोडू नये, भाकीत पाहावे, असा त्यांचा रोख. युक्तिवाद चतुर आहे. पण तो खुर्चीत बसून खेळ पाहणाऱ्याचा आहे, टेबलापाशी उभ्या असलेल्याचा नव्हे. निष्णात खेळाडू 'जणू' समीकरणे जाणतो, एवढ्याने प्रेक्षकाचे काम भागते. ज्याला अजून काहीच येत नाही, त्याने काय करावे? त्याला 'जणू' शिकवता येत नाही. त्याला एका ठिकाणी उभे राहायचे असते आणि कोठे तरी पाहायचे असते.

आणि ज्यांना येते, त्यांना विचारून उपयोग नसतो. विली मोस्कोनीने १९५४ साली ओहायोतील स्प्रिंगफील्ड येथे एकही न चुकता ओळीने ५२६ चेंडू घालवले. तो विक्रम पुढे कितीतरी वर्षे टिकून होता. त्याच्या वडिलांचा फिलाडेल्फियात पूलचा अड्डा होता. मुलाने या नादी लागू नये म्हणून त्यांनी चेंडू कुलपात ठेवले, तेव्हा पोराने बटाटे आणि झाडूचा दांडा घेऊन सराव केला, अशी कथा सांगतात. फिलिपाइन्सचा एफ्रेन रेयेस, ज्याला जग जादूगार म्हणते, तो मनिलात काकांच्या अड्ड्यावर वाढला. रात्री टेबलावरच झोपे. या मंडळींनी नेम शिकला असे म्हणणे, म्हणजे आपण मराठी शिकलो म्हणण्यासारखे आहे. व्याकरण त्यांना विचारू नये. पद्धतीची थट्टा करणारे लोक बहुधा या जातीचे असतात. आणि मला त्यांचे म्हणणे खरे वाटले तरी त्यांची ऐट आवडत नाही. लहानपणी फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत फार नाही, असे ते चाळिशीत ती विकत घ्यायला आलेल्या माणसाला सांगत असतात.

मग पद्धतीने काहीच होत नाही काय? होते. मार्क विल्यम्स, रॉबर्ट सिंगर आणि शेन फ्रेलिच यांनी बिलियर्ड्सच्या खेळाडूंचे डोळे फटक्यापूर्वी कोठे व किती वेळ स्थिरावतात ते तपासले, आणि २००२ साली प्रसिद्ध केले. कुशल खेळाडूंची नजर शेवटच्या हालचालीपूर्वी लक्ष्यावर अधिक काळ निश्चल राहते. आणि जो फटका बसतो त्याच्या आधी ती चुकणाऱ्या फटक्यापेक्षा अधिक काळ राहते. हे वाचल्यावर 'मध्य ते कड'वाल्या माणसाला पुन्हा पाहावे. तो दर वेळी त्याच जागी उभा राहतो, त्याच दोन रेषा शोधतो, त्या सापडेपर्यंत वाकत नाही, आणि वाकल्यावर नजर हलवीत नाही. रेषांच्या भूमितीत काही असो वा नसो, नजर ठरली. गवयाला तंबोरा जुळवताना जे मिळते, ते याला रेषा जुळवताना मिळते. तंबोऱ्यातून चीज येत नाही, पण तंबोरा जुळल्याखेरीज गाणारा बसतही नाही. पद्धत ही अशी असेल, तर ती टाकाऊ नाही. ती जे आहे म्हणून विकली जाते, ते मात्र ती नाही.

इथवर मामला ज्ञानाचा झाला. नीतीचा प्रश्न फटका चुकल्यावर उभा राहतो.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. पाटबंधाऱ्यांची कामे करण्यात त्यांचे आयुष्य गेले. निवृत्तीनंतर क्लबात जाऊ लागले आणि त्यांना पूलचा छंद जडला. परदेशातून त्यांनी एका पद्धतीच्या चित्रफिती मागवल्या. कोणत्या, ते सांगण्याची गरज नाही. अभियंत्याच्या शिस्तीने त्यांनी वही घातली. पानावर दोन रकाने: एकावर 'पद्धत', दुसऱ्यावर 'मी'. चेंडू गेला की खूण पहिल्या रकान्यात. चुकला की दुसऱ्यात, आणि पुढे कारण: 'डोके हलले', 'रेषा नीट पाहिली नाही', 'मन थाऱ्यावर नव्हते'. वर्षभराची वही त्यांनी मला दाखवली. चारशेच्या वर पाने असतील. पहिल्या रकान्यात एकही दोष नव्हता, आणि दुसऱ्यात एकही यश नव्हते. ज्या माणसाने जन्मभर कालव्याचा उतार मोजला, ज्याने कंत्राटदाराचे एकही माप ताडून पाहिल्यावाचून मान्य केले नाही, त्याने हा हिशेब निमूटपणे लिहिला होता. आता ते खेळत नाहीत. आपली नजरच वाईट आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला आहे. मी त्यांना कॅरम खेळताना पाहिले आहे. त्यांची नजर वाईट नाही.

जुन्या वैद्यांविषयी लोक म्हणत की, रोगी बरा झाला तर मात्रेचा गुण, न झाला तर पथ्याचा दोष. हा हिशेब वैद्याने लबाडीने मांडलेला असतो असे नव्हे. पद्धती शिकवणारे बहुतेक लोक प्रामाणिक आहेत याविषयी मला शंका नाही. त्यांचे स्वतःचे चेंडू जातात, आणि ते का जातात याचे त्यांना जे वाटते ते ते सांगतात. पण हिशेबाची रीत अशी आहे की, तीत पद्धत कधी देणे लागतच नाही. नाचता येईना त्याला अंगण वाकडे म्हणण्याची तरी सोय असते. येथे अंगण सरळ असल्याचे आधीच जाहीर झालेले आहे.

मला येथे एकलव्य आठवतो. मातीच्या पुतळ्याने त्याला काही शिकवले नाही. जे काही शिकला ते तो, त्याचे धनुष्य आणि ते अरण्य यांत घडले. तरी पुतळा नसता तर तो रोज तेथे उभा राहिला असता काय, हे सांगता येत नाही. पुतळ्याचे मोल मी नाकारीत नाही. माझे भांडण आहे ते गुरुदक्षिणेशी. ज्याने शिकवले नाही त्याने शिकवल्याचा मोबदला मागितला, आणि शिष्याला तो रास्त वाटला! वहीतला दुसरा रकाना म्हणजे असाच रोज थोडा थोडा कापून दिलेला अंगठा होता.

सगळ्याच पद्धती अशा नाहीत, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. तीन कुशनांचा बिलियर्ड्स म्हणून एक खेळ आहे. त्याला पॉकेटे नसतात. त्याच्या टेबलाच्या कडांवर डायमंड नावाच्या खुणा असतात, आणि त्या मोजून चेंडू कोठून कोठे जाईल ते काढता येते. विली हॉपी या नामवंत खेळाडूच्या १९४१ च्या पुस्तकात ती रीत मांडलेली आहे. तिचे सर्वांत प्रसिद्ध रूप साध्या वजाबाकीचे. निघण्याच्या जागेला एक आकडा, तिसऱ्या कुशनवर जेथे पोचायचे तेथे दुसरा. पहिल्यातून दुसरा वजा करावा, आणि येईल त्या आकड्यावर पहिल्या कुशनला चेंडू लावावा. पन्नासातून वीस गेले, तीस उरले; तिसावर मारा. कापड नवे असेल तर चेंडू घसरतो आणि लांब जातो. तेव्हा जाणता खेळाडू आधी एक फटका मारून पाहतो, आणि टेबल किती आकड्यांनी 'लांब' आहे ते ठरवून हिशेबात धरतो. पद्धत आपणहून सांगते की मी येथे चुकेन, इतक्या आकड्यांनी चुकेन. या पद्धतीच्या वहीत 'टेबल' असा तिसरा रकाना काढता येतो. सुताराचा ओळंबा असाच असतो. भिंत आणि ओळंबा यांत वाकडे कोण, हे दोघांनाही विचारता येते.

'मध्य ते कड'च्या कैवाऱ्यांपाशी मात्र एक उत्तर आहे, आणि ते मला सहजी झटकता येत नाही. ते म्हणतात: नेमात संशय हा सगळ्यांत मोठा शत्रू. क्यू मागे जाऊन पुढे येते त्या निमिषात 'रेषा बरोबर आहे ना?' हा विचार आला की मनगट डळमळते. पद्धतीवर निःशंक विश्वास असेल तर ते डळमळत नाही. आता तुम्ही शिष्याला पहिल्याच दिवशी सांगितले की, बाबा रे, या रेषा अपुऱ्या आहेत, उरलेले तुझा हात करील, तर त्या विश्वासाचे काय? सत्य सांगून तुम्ही त्याचे औषधच काढून घेतले.

हे काही अंशी खरे असेल. पण विश्वास कशावर, हा प्रश्न उरतोच. रेषांवरचा विश्वास चेंडू जात आहेत तोवर टिकतो; चुकू लागले की तो शिष्याला स्वतःविरुद्धच साक्षीला उभा करतो. हातावरचा विश्वास बसायला उशीर लागतो हे मान्य. पण 'तुझा हात शिकत आहे, आणि पाचशे चेंडू चुकल्यावाचून तो शिकणार नाही' असे ज्याला आधीच सांगितलेले आहे, त्याचा चुकलेला चेंडू गुन्हा ठरत नाही. तो फीपैकी एक हप्ता असतो. मला वाटते, शिष्याला काही महिने अधिक लागले तरी हे सांगितलेच पाहिजे. जो यशस्वी होतो त्याला खोटे कारण सांगितले काय आणि खरे सांगितले काय, फारसे बिघडत नाही. त्याचे चेंडू जातच असतात. खोट्या कारणाची किंमत नेहमी अयशस्वी माणूस मोजतो. आणि शिकवण्याच्या धंद्यात यशस्वी शिष्य थोडे, दुसरेच फार.

मुंबईत एका क्लबात शिकवणारे एक वयस्क मार्कर मला ठाऊक आहेत. ते रंगीत चेंडूला लगटून, भूत जेथे असायचे तेथे, खराखुरा दुसरा चेंडू ठेवतात. शिष्याला नीट पाहू देतात, वाकू देतात. मग तो चेंडू उचलून घेतात आणि म्हणतात, "मारा." चुकला की पुन्हा ठेवतात आणि या खेपेला बोटभर बाजूला सरकवतात, कारण हळू मारला की चेंडू ओढला जातो हे त्यांना घर्षणाचे नाव न घेता माहीत आहे. कोठल्या बाजूला सरकवला ते मात्र शिष्याला सांगतात. तासाला ठरलेले पैसे घेतात. त्यांच्याकडे शिकणारे चार-पाचच असतात. संध्याकाळी सातनंतर टेबल मोकळे असेल तर ते येतात.